लिंक झालं, पुढे काय?

'झिरो एरर्स, झिरो वॉर्निंग्ज' ही ओळ स्क्रीनवर उमटली की आपल्या लॅबमधली अर्धी बॅच सॅक उचलते. कंपाईल झाला, लिंक झाला, प्रिंटआऊट काढला, जर्नलला चिकटवला, सरांची सही घेतली... संपलं! तो प्रोग्रॅम पुढे खरंच कुठे चालला का, हे कोणी विचारत नाही. ओरलला एक्स्टर्नलसुद्धा विचारत नाहीत. बिचाऱ्यांना चारची एस. टी. गाठायची असते.

या लेखात मी त्या ओळीच्या पुढचं लिहिणार आहे. आधीच सांगून ठेवते, मी कॉन्व्हेंटची. श्रीरामपूरला शिकले. शाळेच्या आवारात मराठी बोललं की एक रुपया दंड असायचा आणि तो वसूल करायला वर्गातलीच एक मॉनिटर असायची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने बघून घ्यावं. बाकी मजकूर माझा.

तिसऱ्या वर्षाला पुणे विद्यापीठाचा 'सिस्टीम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टीम' हा विषय ज्यांनी घेतलाय त्यांना आय. आय. टी. मुंबईच्या ढमढेरे सरांचं पुस्तक माहीत असेलच. 'मूव्हर' आणि 'मूव्हेम' ही जगातल्या कुठल्याही प्रोसेसरला न समजणारी भाषा पुण्यापासून कोपरगावपर्यंतच्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याला झोपेत येते, ती त्याच पुस्तकामुळे. त्यात लिंकरचं प्रकरण आहे. प्रत्येक फाईल स्वतंत्र कंपाईल होते तेव्हा ती समजते की मेमरीतली पहिली जागा आपलीच. लग्नात प्रत्येक पाहुण्याला वाटतं ना, पहिल्या पंगतीचं पहिलं पान आपलं, तसं. कोण कुठे बसणार, कोणाचा पत्ता काय, हे लिंकर ठरवतो आणि सगळ्यांना एका ओळीत बसवतो. परीक्षेला एवढं लिहिलं की सहा मार्क मिळतात.

पण पंगत बसली म्हणजे जेवण झालं का?

आमच्या लायब्ररीत मागच्या बाजूला एक कपाट आहे. त्यात १९९०च्या दशकातली जाडजूड मॅन्युअल्स धूळ खात पडलेली आहेत. त्यातल्या एकात मला मायक्रोसॉफ्टच्या सी/सी++ ७.० ची माहिती सापडली. हा कंपायलर १९९२चा, म्हणजे डॉसचा जमाना. प्रोग्रॅमला जेमतेम ६४० केबी मेमरी, आणि प्रोग्रॅम तर दिवसेंदिवस लठ्ठ होत चाललेले. त्यावर त्यांनी एक युक्ती लोकांच्या हातात दिली : पी-कोड. इथे 'पी' म्हणजे पॅक्ड. कंपायलरला एक ऑप्शन दिला की तो प्रोसेसरच्या मशीन कोडऐवजी एका काल्पनिक मशीनचा आखूड, दाबून बसवलेला कोड तयार करायचा. तो समजणारा एक छोटासा इंटरप्रीटर त्याच एक्झी फाईलमध्ये सोबत जायचा. प्रोग्रॅम लहान व्हायचा, पण जरा सावकाश चालायचा. म्हणून मेन्यू, मेसेज असला क्वचित चालणारा भाग पॅक करायचा आणि जिथे वेग हवा तो भाग मशीन कोडमध्येच ठेवायचा, अशी मुभा असे. पुन्हा पुन्हा येणारी तीच ती ओळ एकदाच ठेवून बाकी ठिकाणी नुसता तिचा निर्देश करायचा, अशीही सोय होती. तिला 'कोटिंग' म्हणत.

मला थांबवलं ते पुढच्या भागाने. असा पॅक केलेला प्रोग्रॅम लिंक झाला तरी चालण्याजोगा नसे! लिंकरने बनवलेली फाईल 'मेक पी-कोड' नावाच्या आणखी एका यूटिलिटीतून काढावी लागे, तेव्हा कुठे तिच्यातला पी-कोड नीट बसायचा. डीबगची माहिती ठेवली असेल तर ती आवळायला त्यापुढे आणखी एक यूटिलिटी. बहुतेक वेळा लिंकरच या दोघींना गुपचूप बोलावून घेई, त्यामुळे प्रोग्रॅमरला त्यांचा पत्ताही नसे. पुढे ३२ बिट आले, मेमरी वाढली आणि सी मधला हा पी-कोड मागे पडला. व्हिज्युअल बेसिकमध्ये मात्र तो बरीच वर्षं राहिला. १९९७च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत तिथे मशीन कोडचा पर्यायच नव्हता. जुन्या सिनियर्सनी व्ही. बी.त प्रोजेक्ट करून ते दुसऱ्या पीसीवर नेलं की 'अमुक डीएलएल सापडत नाही' असा डबा समोर यायचा म्हणे. तो हरवलेला इंटरप्रीटरच असायचा. साध्या मोबाईलवरच्या जावा गेम्सनाही कंपाईलनंतर 'प्रीव्हेरिफाय' करावं लागे, आणि आजचं अँड्रॉइड ॲपसुद्धा जावाच्या क्लास फाईल्सचं डेक्स करून, साईन करून मगच फोनवर बसतं. स्टुडिओतलं हिरवं बटण दाबलं की हे सगळं आपोआप होतं, म्हणून आपल्याला दिसत नाही एवढंच.

हे वाचलं तेव्हा 'इंटरेस्टिंग!' म्हणून मी मॅन्युअल परत ठेवून दिलं होतं. दोन महिन्यांनी ते पुन्हा काढावं लागलं, ते आबांच्या मोटरीमुळे.

आमचं गाव राहुरी तालुक्यात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आबा, म्हणजे माझे आजोबा, अजून 'नगरला जाऊन येतो' असंच म्हणतात. घरी ऊस, थोडा कांदा, एक विहीर आणि विहिरीवर थ्री फेजची मोटर. आमच्या फीडरला एक आठवडा दिवसा लाईट असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात कधी बारा, कधी दोन वाजता दारं धरायला जायचं. पूर्वी यात भीती अंधाराची आणि पायाखालच्या जनावराची. आता बिबट्याची. प्रवरेच्या आणि मुळेच्या पट्ट्यात उसात बिबट्या राहतो ही आमच्याकडे बातमी राहिलेली नाही. मादी उसातच पिल्लं देते, तिथेच वाढवते, ऊसतोड लागली की पिल्लं सापडतात. आबा हातात बॅटरी आणि काठी घेऊन, मोबाईलवर मोठ्याने भजन लावून जातात. वय त्र्याहत्तर.

दोन वर्षांपूर्वी काकांनी बाजारातून मोबाईलवर चालणारा तयार स्टार्टर आणून बसवला. कंपनीचं नाव नको, वस्तू तशी वाईट नव्हती. लाईट आली की मोटर चालू करायची, काही बिघडलं की बंद करायची आणि मेसेज पाठवायचा. पण मेसेज इंग्रजीत! 'फेज फेल', 'ड्राय रन', 'ओव्हरलोड ट्रिप'. आबा मराठी चौथी शिकलेले, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, पण इंग्रजीचं एक अक्षर नाही. रात्री दोनला मोबाईल वाजला की काहीतरी झालंय एवढंच कळायचं. काय झालंय ते बघायला मग विहिरीवर जायचं. म्हणजे जे टाळायला यंत्र आणलं, तेच त्या यंत्राने पुन्हा करायला लावलं.

मी घरी असायचे तेव्हा प्रश्न नव्हता. लहानपणापासून घरातला इंटरप्रीटर मीच. खताच्या गोणीवरचं, बँकेचं, औषधाच्या बाटलीवरचं, सगळं आबा माझ्यापुढे धरणार, "काय म्हणतंय बघ गं पोरी" म्हणणार आणि मी वाचून सांगणार. एक रुपया दंड भरून मिळवलेली विद्या ती! पण मी हॉस्टेलला आले आणि इंटरप्रीटर घरातून गेला. पहिल्या सेमिस्टरला आबांचे रात्री दोन-अडीचला फोन यायचे, "आता आलाय बघ मेसेज, पण वाचून दाखवू कसा?" आकार सांगायचे अक्षरांचे. "पहिलं उभ्या काठीला वर अर्धं गोल कडं हाय..." म्हणजे 'पी', म्हणजे फेज फेल. एकदा माझा फोन सायलेंटवर होता. आबा गेले विहिरीवर. त्या दिवशी शेजारच्या वस्तीवरची शेळी नेली होती बिबट्याने. सकाळी आईने सांगितलं तेव्हा मी ठरवलं की मेसेज मराठीतच आला पाहिजे.

तयार स्टार्टरचा प्रोग्रॅम काही उघडता येत नाही. पण ई अँड टीसीच्या एका मित्राकडे सिनियर्सच्या प्रोजेक्टचा बोर्ड पडून होता. ८९एस५२ चिप, जी. एस. एम. मोडेम, रिले, तिन्ही फेज बघायची सोय. ८९एस५२ म्हणजे ८०५१चाच भाऊ. प्रोग्रॅमसाठी जागा ८ केबी, म्हणजे ८१९२ बाईट. "ई. एस. पी. घ्या की, त्यात चार एमबी मिळतात," असा सल्ला आम्हाला निदान दहा जणांनी दिला. बरोबर आहे त्यांचं. पण बोर्ड सोल्डर केलेला होता, तपासलेला होता, फुकट होता, आणि आमच्याकडे पैसे नव्हते.

मित्राने मोटरीचा भाग लिहिला, मी मेसेजचा. कंपायलर एसडीसीसी. फुकट आहे, कोड कितीही मोठा चालतो, आणि मुळात तो लिहिला संदीप दत्ता नावाच्या माणसाने. त्याचा लिंकर आय. एच. एक्स. नावाची फाईल देतो. तिच्यात ओळी कमी-जास्त लांबीच्या असतात. 'पॅक-आयएचएक्स' नावाच्या चिमुकल्या प्रोग्रॅममधून ती काढली की नीट हेक्स फाईल होते आणि मग ती प्रोग्रॅमर लावून चिपमध्ये भरायची. बघा, इथेही लिंकनंतर एक पायरी आहेच!

आता खरी अडचण. मोटरीचा कोड आणि इतर सगळं मिळून ६३०० बाईट झाले होते. मेसेज होते २६, त्यांची अक्षरं एकूण ९८८. इंग्रजी मेसेजमध्ये एक अक्षर सात बिटांत बसतं, म्हणून १४० बाईटच्या एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. (तेही पॅकिंगच की!) मराठी मेसेज युनिकोडमध्ये जातो, एका अक्षराला दोन बाईट, म्हणून एका मेसेजात फक्त ७० अक्षरं. आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणं ही सगळी वेगळी अक्षरं मोजली जातात. त्यावर कडी म्हणजे मोडेमला ते दोन बाईट चार आकडी लिहून द्यावे लागतात. 'तीन' हा शब्द घ्या. त ०९२४, दीर्घ वेलांटी ०९४०, न ०९२८. मोडेमकडे जाणार '०९२४०९४००९२८', बारा बाईट. ९८८ अक्षरांचे झाले ३९५२. ६३०० अधिक ३९५२, बेरीज १०२५२. जागा ८१९२. लिंकरने साफ नकार दिला. दोन-दोन बाईट ठेवून आयत्या वेळी चार आकडे करायचे ठरवले, तरी ८२७६. चौऱ्याऐंशी बाईट जास्त!

मित्र म्हणाला, मेसेज कमी करू, नाहीतर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहू, 'motor' ऐवजी तेच जरा वेगळं. मी म्हटलं, मग आबांना त्याचा काय उपयोग?

तेव्हा ते मॅन्युअल पुन्हा काढलं. मराठीला लागणारी देवनागरीची सगळी अक्षरं युनिकोडमध्ये १२८ जागांच्या एकाच गल्लीत राहतात आणि प्रत्येकाची सुरुवात '०९'नेच होते. मग ते '०९' प्रत्येक अक्षरासोबत कशाला वाहायचं? एका बाईटमध्ये २५६ आकडे मावतात. खालचे १२८ इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोकळी जागा यांना, वरचे १२८ देवनागरीला. गल्ली तंतोतंत बसते! ९८८ अक्षरं, ९८८ बाईट. पाठवताना चिपमधलं एक छोटं फंक्शन ते उलगडून मोडेमला चार-चार आकडे देणार. ते फंक्शन दीडशे बाईटचं झालं. तोच आमचा इंटरप्रीटर.

हा शोध माझा, असं कोणाला वाटू नये. आपल्या इथून सव्वाशे किलोमीटरवर, पुण्यात, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी हेच झालेलं आहे. १९८८ मध्ये पुण्याला सी-डॅक सुरू झालं आणि कानपूरच्या आय. आय. टी.त जन्मलेलं 'जिस्ट' तंत्र तिथे आलं. मोहन तांबे हे त्यामागचं मोठं नाव. पीसीमध्ये जिस्टचं कार्ड बसवलं की डॉसवर मराठी दिसायची. त्यासाठीचा कोड म्हणजे 'इस्की', १९९१ पासून भारतीय मानक. त्यातही खालच्या अर्ध्यात इंग्रजी, वरच्या अर्ध्यात भारतीय लिपी, एका अक्षराला एकच बाईट. युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली तीच मुळी इस्कीच्या धर्तीवर. म्हणून तर ती गल्ली एवढी नीट एका ओळीत आहे आणि मला ती पुन्हा एका बाईटमध्ये कोंबता आली. आपली भाषा ज्यांनी कॉम्प्युटरमध्ये बसवली त्यांची नावं आपल्या कुठल्याच सिलॅबसमध्ये नाहीत, हे मला खटकतं.

आता हे पॅक केलेले मेसेज सी प्रोग्रॅममध्येच आकड्यांच्या रूपात लिहिता आले असते. पण मग एक शब्द बदलायचा तरी प्रत्येक वेळी हाताने आकडे बदला, पुन्हा कंपाईल करा, पुन्हा लिंक करा. मला मेसेज साध्या मराठीत, एका टेक्स्ट फाईलमध्ये हवे होते, म्हणजे घरच्यांनी वाचून बदल सांगितला तर लगेच करता यावा. म्हणून ते प्रोग्रॅमच्या बाहेर काढले. सी मध्ये फक्त एवढंच ठेवलं की मेसेजचा तक्ता ६६५६ या पत्त्यापासून सुरू होतो. तिथून शेवटपर्यंत १५३६ बाईट राखीव. कोड त्याच्या आत संपतो. लिंकरच्या दृष्टीने काम झालं, एरर नाही, पण त्या पत्त्यावर काहीच नाही!

मग माझी पायथॉनची स्क्रिप्ट चालते. ती टेक्स्ट फाईल वाचते, अक्षरं पॅक करते, लिंकनंतर तयार झालेली हेक्स फाईल उघडते आणि त्या पत्त्यावर तक्ता बसवते. हेक्स फाईलच्या प्रत्येक ओळीत आधी किती बाईट आहेत ते, मग पत्ता, मग ओळीचा प्रकार, मग माल आणि शेवटी चेकसम. चेकसमसकट सगळ्या बाईट्सची बेरीज केली तर शेवटचे आठ बिट शून्य आले पाहिजेत, नाहीतर प्रोग्रॅमर ती ओळ घेत नाही. स्क्रिप्ट हे सगळं करते आणि कोड ६६५६ च्या पुढे घुसला असेल तर ओरडते. थोडक्यात काय, १९९२च्या त्या 'मेक पी-कोड'ची ही राहुरी आवृत्ती!

स्क्रिप्ट चालवलीच नाही तर काय होतं, हे एकदा मुद्दाम बघितलं. कोरी फ्लॅश मेमरी म्हणजे सगळे बिट एक, प्रत्येक बाईट २५५. आमच्या इंटरप्रीटरच्या हिशेबाने २५५ म्हणजे देवनागरीच्या गल्लीतलं अगदी शेवटचं घर, 'ॿ'. बसमध्ये कोपऱ्यात बसलेल्या अनोळखी माणसासारखं हे अक्षर. ते मराठीचं नाहीच, सिंधीत लागतं. मेसेजचा शेवट सापडेना म्हणून ७० अक्षरांची मर्यादा येईपर्यंत चिप तेच पाठवत राहिली. माझ्या फोनवर सत्तर 'ॿ' ओळीने आले. आबांच्या साध्या फोनवर पाठवून पाहिलं तर सत्तर चौकोन. तो मेसेज मी डिलीट केलेला नाही. प्रोजेक्ट कॉम्पिटिशनला परीक्षकांनी विचारलं, "लिंक झालाय ना प्रोग्रॅम, मग या स्क्रिप्टची गरजच काय?" मी फोन काढून तोच दाखवला.

तंत्र जमलं. मग भाषेचं आलं. मेसेजचा पहिला मसुदा मित्राने लिहिला होता, तो मराठी माध्यमाचा म्हणून. 'विहिरीतील जलपातळी न्यूनतम मर्यादेखाली गेल्याने विद्युत पंप बंद करण्यात आला आहे.' सत्तरच्या पार! दिवाळीच्या सुट्टीत मी सगळी यादी आबांना ओट्यावर बसून वाचून दाखवली.

"कोणी बंद केला?" आबा.

"यंत्राने, आबा. आपोआप."

"मग तसं सांग ना. 'करण्यात आला आहे' म्हणल्यावर मला वाटंल वायरमन आला व्हता."

मग आबांनी एकेक मेसेज बदलून दिला. 'विहिरीचं पाणी तुटलं, मोटर बंद केली.' पाणी 'संपलं' नाही, 'तुटलं'. संपलं म्हणजे आता नाहीच, तुटलं म्हणजे तासाभराने पुन्हा साचेल. मला हा फरक माहीत नव्हता. इंग्रजी मेसेजलाही तो माहीत नव्हता, 'ड्राय रन'मध्ये दोन्ही बसतात. आणि रात्री दोन वाजता उठायचं की नाही, ते नेमकं याच शब्दावर ठरतं. 'लाईट गेली' आणि 'एक फेज गेली' हेही आबांना वेगवेगळे हवेत. लाईट गेली तर झोपायचं, एक फेज गेली तर सकाळी डीपीवरचा फ्यूज बघायला वायरमनला सांगायचं. 'लाईट आली पण दाब कमी आहे, मोटर चालू केली नाही.' हाही त्यांचाच. प्रत्येक मेसेजच्या शेवटी 'येऊ नका' किंवा 'यावं लागेल' असं असावं, ही तर मला सगळ्यात मोठी सूचना वाटते. आमच्या दोघांच्या डोक्यात यंत्राला काय झालं एवढंच होतं. आबांना स्वतः काय करायचं ते हवं होतं.

ओट्यावर बसून २६चे ४१ मेसेज झाले. शेवटची खूण धरून १६४० बाईट! राखीव जागा १५३६. स्क्रिप्ट ओरडली.

इथे पी-कोडमधलं ते 'कोटिंग' कामाला आलं. एक ते एकतीस हे आकडे आमच्या मेसेजमध्ये कुठेच लागत नव्हते, शून्य शेवटच्या खुणेला दिलेला. मग पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांना ते आकडे दिले. 'मोटर' म्हणजे एक, 'लाईट' म्हणजे दोन, 'येऊ नका' म्हणजे तीन... शब्द एकदाच, वेगळ्या यादीत. मेसेजमध्ये फक्त एक बाईट. कुठले शब्द घेतले तर जास्त जागा वाचेल हे स्क्रिप्टच मोजते. अठ्ठावीस शब्द घेतल्यावर यादीसकट सगळं ११०० बाईटच्या आत आलं. सी प्रोग्रॅममध्ये बदल झाला तो उलगडणाऱ्या फंक्शनमध्ये दहा-बारा ओळींचा.

डिसेंबरमध्ये बोर्ड विहिरीवरच्या पेटीत बसवला. जुना स्टार्टर काढला नाही, बाजूला तयार ठेवलाय, कारण आमच्या रिलेवर माझा अजून पूर्ण भरवसा नाही. एकदा वीज कडाडली तेव्हा चिप रीसेट झाली होती. मित्र त्यावर काम करतोय. कॉम्पिटिशनमध्ये आम्हाला नंबर मिळाला नाही. पहिला आला चेहरा ओळखणारा हजेरीचा प्रोजेक्ट, जो आपल्या डिपार्टमेंटला दरवर्षी पहिला येतो.

रात्रीच्या आठवड्यात आता दोन वाजता माझा फोन वाजत नाही. माझ्या नंबरवरही प्रत्येक मेसेजची कॉपी येते, ती मी सकाळी बघते. 'एक फेज गेली, मोटर बंद केली. येऊ नका.' वेळ एक वाजून पन्नास. सकाळी घरी फोन केला तर आबा म्हणाले, "व्हय, आला व्हता. वाचला आन् कूस बदलली."

एकतीसपैकी तीन आकडे अजून शिल्लक आहेत आणि चारशेच्या वर बाईट. आबांनी कालच फोनवर त्यावर हक्क सांगितला. मुळा धरणातून कॅनॉलला आवर्तन सुटलं की 'कॅनॉल आला' असा मेसेज पाहिजे. मी म्हटलं, आबा, शब्दाला जागा आहे, पण पाणी आलंय हे चिपला कळणार कसं, कॅनॉलवर सेन्सर नको का? तर म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा. तू आधी शब्द तर घालून ठेव."

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी